बाळंतविडा हातचा द्या
(महिला मंडळाच्या हळदीकुंकवातील मनोगत)

वाशिमच्या उन्हात लोकरीचं काय काम, असं सुना मला विचारतात. पण पौषातल्या बाळाला पहाटेचा गारठा सोसत नाही. उघड्या डोक्यातून त्याची ऊब लवकर जाते, म्हणून मी आधी टोपडं विणते, मग मोजे.

टोचरी लोकर घेऊ नका. जाळीच्या विणीत इवली बोटं अडकतात, ती टाळा. मणी, लांब बंद नकोत. माप थोडं मोठं धरा. धुऊनच द्या. बाळाचं अंग तापलं तर टोपडं काढायचं, हेही आईला सांगा. उन्हाळ्यातल्या बाळाला मात्र आजीच्या जुन्या सुती लुगड्याचं दुपटंच बरं.

दुकानात सगळं मिळतं हो! पण बाळंतपणाला माहेरी जाता न आलेल्या सुनेला शेजारच्या काकूंनी विणलेलं टोपडं मिळालं, की इथंही आपलं माणूस आहे, हे तिला कळतं.