मधली पायरी



वाशिम जिल्ह्याला अजून विमानतळ नाही. विमान गाठायचं तर अमरावतीचं बेलोरा, नांदेड किंवा थेट नागपूर. तरीही वैमानिकांच्या प्रशिक्षणावरचं संमेलन तुम्ही वाशिमला भरवलंत, आणि मला ते योग्य वाटतं. बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी शाळा तिथे काढण्याचं एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केलं. गोंदियाजवळ बिरसीला तर अशी शाळा केव्हाची चालू आहे. उड्डाणाची पहिली पायरी विदर्भाच्या अंगणात आली आहे. मला आज बोलायचं आहे ते तिच्या पुढच्या पायरीबद्दल, कारण माणसं तिथे अडखळतात आणि कधी कधी जिवाला मुकतात.

दोनशे तासांचं उड्डाण झालं, परीक्षा सुटल्या, व्यावसायिक परवाना हातात आला की घरी पेढे वाटले जातात. वाटलेच पाहिजेत. पण तेवढ्यावर प्रवासी विमान चालवता येत नाही. एअरबस ए-३२० चालवायचं तर त्याचं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच जातीचं विमान चालवण्याची वेगळी पात्रता हवी. एटीआरचं वेगळं, बोइंग ७३७चं वेगळं. आधी वर्गात विमानाच्या यंत्रणा शिकायच्या, मग सिम्युलेटरमध्ये दिवसामागून दिवस घाम गाळायचा. धावपट्टीवर ऐन वेगात असताना एक इंजिन बंद पडतं, केबिनमध्ये धूर होतो, हायड्रॉलिक्स जातं. हे सगळं जमिनीवर भोगून झालं की मगच खरं विमान, आणि प्रवासी घेऊनही सुरुवातीला शेजारी प्रशिक्षक कॅप्टन.

पालक मला विचारतात, विमान येतं ना चालवता, मग पुन्हा शिकायचं काय? इथल्या शेतकऱ्याला मी उत्तर सहज देऊ शकतो. मोटारसायकल चालवणाऱ्याच्या हाती सोयाबीनने भरलेली ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर द्या आणि उतारावर सोडा. ब्रेक कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं. तो किती आधी दाबायचा, हे ठाऊक नसतं. सेसना १७२ या शिकाऊंच्या छोट्या विमानाचं वजन टनभराच्या आसपास, ए-३२०चं पाऊणशे टनांच्या घरात. सेसनाचा थ्रॉटल पुढे केला की इंजिन तत्काळ जोर धरतं. जेट इंजिन मंद गतीवरून पूर्ण ताकदीवर यायला पाच ते आठ सेकंद घेतं. जमीन जवळ येत असताना ते आठ सेकंद फार मोठे असतात.

मी सिम्युलेटरवर वर्षानुवर्षं शिकवलं. बहुतेक नवी मुलं उतरताना एकच चूक करत. छोट्या विमानात डोळा जमिनीपासून जेमतेम माणसाच्या उंचीवर असतो, त्यामुळे नाक कधी उचलायचं हे नजरेला पाठ झालेलं असतं. मोठ्या विमानात चाकं टेकली तरी वैमानिक दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसल्यासारखा वर असतो. जुनी नजर त्याला सांगते, अजून वर आहेस, थांब. तोवर चाकं आदळतात. एका मुलीला मी सलग सोळा वेळा उतरवलं. सतराव्या वेळी तिने डोळ्यांवर भरवसा ठेवणं सोडलं, विमान स्वतः उंचीचे आकडे मोठ्याने म्हणतं ते ऐकलं, आणि चाकं अलगद टेकली. मोठ्या विमानाचं शिक्षण म्हणजे अर्धं शिकणं आणि अर्धं विसरणं. आणि मित्रहो, विसरणं जास्त कठीण.

ही किंमत आपल्या देशाने मोजलेली आहे. १४ फेब्रुवारी १९९०. मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० बेंगळुरूला धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं. विमानात १४६ माणसं होती, त्यांतली ९२ गेली. विमान कोरं होतं आणि दोन्ही इंजिनं चालू होती. पण उतरताना ते अशा स्थितीत होतं की ज्यात इंजिनं मंद गतीवर राहतात, आणि कॉकपिटमधल्या दोघांच्या ते वेळेत ध्यानात आलं नाही. जुन्या विमानांत थ्रॉटलचा दांडा जिथे असेल तेवढी ताकद इंजिनात, हे हाताला कळत असे. ए-३२०मध्ये ताकद आपोआप राखली जात असताना दांडा जागचा हलत नाही, खरी स्थिती पडद्यावरच्या काही अक्षरांत लिहिलेली असते. हाताची भाषा सोडून डोळ्यांची भाषा शिकायची होती. हा बदल किती खोल आहे, हे तेव्हा आपल्याला पुरतं उमगलं नव्हतं. त्या वैमानिकांना दोष देऊन हा विषय मिटवणारी माणसं मला भेटली आहेत. मला ते मान्य नाही. ते दोघेही अनुभवी होते. नव्या विमानात अनुभवाची गाठोडी कशी सोडायची, हे शिकवण्यात आपण सगळे कमी पडलो.

वायुदलाची गोष्ट तर याहून लांबलेली. तिथे नवा वैमानिक सावकाश उडणाऱ्या किरण विमानावरून थेट मिग-२१वर जात असे. मधली पायरी नव्हती. प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, असं ला फोंतेन समितीने १९८२ मध्ये सांगितलं. ६६ हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये, आणि ती वायुदलात दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये, बिदरला. इथून हिंगोली-नांदेड ओलांडून गेलं की लागणारं हे आपल्या शेजारचं शहर. शिफारशीपासून विमानापर्यंत २६ वर्षं. एवढ्या काळात एक पिढी जन्मून वैमानिक होते.

याच काळात, १७ सप्टेंबर २००१च्या रात्री, राजस्थानातल्या सुरतगडहून उड्डाण केलेलं मिग-२१ कोसळलं आणि फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. त्या अपघाताचं कारण प्रशिक्षणात होतं, असं मी म्हणणार नाही. पण वैमानिकाचीच चूक हा ठपका त्यांच्या आईने, कविता गाडगीळ यांनी, स्वीकारला नाही. मुलगा गेलेल्या घराने दार लावून घेतलं नाही, तर वैमानिकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न देशापुढे नेला. अपघातानंतर माणसाकडे बोट दाखवण्याआधी व्यवस्थेने त्याच्या हाती काय दिलं होतं ते पाहा, हा आग्रह एका मराठी आईने धरला. माझ्या पेशातल्या प्रत्येकाने त्यांचं नाव आदराने घ्यावं.

आणि हे सगळं जुनं झालं, असं समजू नका. बोइंग ७३७ मॅक्स बाजारात आलं तेव्हा जुनं ७३७ चालवणाऱ्यांना संगणकावरचा छोटा पाठ पुरे मानला गेला. सिम्युलेटर नको, कारण त्याला पैसा आणि वेळ लागतो. विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणाऱ्या यंत्रणेची माहितीही वैमानिकांना दिली गेली नव्हती. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. मग सिम्युलेटर सक्तीचा झाला. वाचवलेल्या त्या तासांचा हिशेब मला आजही अस्वस्थ करतो.

आता आपल्या घरचं. परवान्याचा खर्च अर्ध्या कोटीच्या आसपास जातो, आणि त्यावर टाइप रेटिंगचे पंधरा-वीस लाख बऱ्याचदा मुलानेच भरायचे असतात. मानोऱ्याच्या किंवा मालेगावच्या शेतकऱ्याने पहिल्या खर्चातच जमीन गहाण टाकलेली असते. परवाना घेऊन दोन-दोन वर्षं घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत. उड्डाणाचा सराव बोटांतून निघून जातो, नियमित तपासण्यांची मुदत संपते, आणि हुशार मूल तालुक्याच्या गावी दुसरंच काम धरतं. हे थांबलं पाहिजे.

माझ्या प्रशिक्षक मित्रांना एक सांगतो. कॉकपिटची भाषा इंग्रजी आहे आणि ती पक्कीच हवी. पण इंजिन जोर धरायला वेळ का घेतं, हे वाशिमच्या मुलाला आधी मराठीत समजावा. समजलेली गोष्ट संकटात आठवते, नुसती पाठ केलेली आठवत नाही.

दुपारच्या सत्रात एक ठराव येणार आहे. वैमानिकांसाठी दिली जाणारी शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज परवान्यापाशी न थांबता टाइप रेटिंगपर्यंत मिळावं, अशी शासनाकडे आणि बँकांकडे मागणी करणारा. तो ऐकायला थांबा आणि त्याच्या बाजूने हात वर करा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.