पवईची सजीवचित्रे आणि वेबची खुली मानके

पवईच्या आयआयटी मुंबईत ‘ऑस्कर’ या प्रकल्पाखाली विज्ञान व अभियांत्रिकी शिकवण्यासाठी जी सजीवचित्रे तयार झाली, त्यांतील पुष्कळशी फ्लॅश आणि जावा या तंत्रांवर उभी होती, कारण पानावर हलते, प्रतिसाद देणारे चित्र दाखवण्याचा दुसरा सोयीचा मार्ग त्या काळी फारसा उपलब्ध नव्हता. फ्लॅश हे प्लगइन होते. प्लगइन म्हणजे ब्राउझरमध्ये वरून बसवलेला स्वतंत्र प्रोग्रॅम, ज्याच्या ताब्यात पानावरील एक चौकोन दिला जातो आणि त्या चौकोनातील व्यवहार ब्राउझरला जवळजवळ अज्ञात राहतो. हा प्रोग्रॅम अडोबी या एकाच कंपनीच्या मालकीचा होता.

या बंदिस्तपणाची झळ मराठीला विशेष लागली. २००८ मधील दहाव्या आवृत्तीपूर्वी फ्लॅशच्या अक्षरमांडणीला देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवता येत नसत. ‘स्थिती’ हा शब्द युनिकोडमध्ये लिहिला तर ‘स’ पाय मोडलेलाच दिसे आणि पहिली वेलांटी जोडाक्षराच्या आधी येण्याऐवजी मागे राही. त्यामुळे मराठी नावे चित्ररूपाने चिकटवणे किंवा युनिकोडपूर्व फॉन्ट वापरणे एवढेच हाती उरे, आणि असा मजकूर शोधयंत्राला मराठी म्हणून ओळखता येत नसे.

मोबाइलने या रचनेतील दोष उघडे पाडले. माऊसचा बाण एखाद्या भागावर नुसता नेला की त्याचे नाव उमटावे, अशी अनेक सजीवचित्रांची घडण होती. बोट मात्र पडद्याला टेकते किंवा टेकत नाही, त्याला बाणासारखे नुसते वर रेंगाळता येत नाही. शिवाय चलच्चित्र उलगडण्याचे काम यंत्रातील खास चिपऐवजी प्रोग्रॅमवर पडले की बॅटरी झपाट्याने उतरे. २००७ मध्ये आलेल्या आयफोनने फ्लॅशला थारा दिला नाही, आणि एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी खुल्या पत्रातून त्याची कारणे मांडली. त्यांतील तांत्रिक मुद्दे सबळ होते. खुलेपणाचा दावा मात्र अपुरा होता, कारण त्यांनी ज्या एच.२६४ या चित्रप्रारूपाची बाजू घेतली, तेही पेटंटांनी बांधलेले होते.

नोव्हेंबर २०११ मध्ये अडोबीने मोबाइलवरील फ्लॅशचा विकास थांबवला आणि १५ ऑगस्ट २०१२ पासून अँड्रॉइडवर ते नव्याने घेता येईनासे झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, ज्याच्या सिद्धतेत आयआयटी मुंबईचा मोठा वाटा होता त्या ‘आकाश’ टॅब्लेटच्या दुसऱ्या आवृत्तीचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते लोकार्पण झाले. स्वस्त यंत्र विद्यार्थ्याच्या हाती येत असतानाच शिक्षणसाहित्याचा एक प्रमुख आधार निखळत होता.

त्याची जागा ज्यांनी घेतली ती खुली मानके होत. मानक म्हणजे असा तपशीलवार लेखी नियम, जो कोणीही वाचून आपल्या ब्राउझरमध्ये उतरवू शकतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २८ ऑक्टोबर २०१४ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केलेल्या एचटीएमएल५ मध्ये ध्वनी, चलच्चित्र आणि ‘कॅनव्हास’ नावाचा रेखाटनाचा फलक हे पानाचेच घटक झाले. चित्रालगतचा मराठी मजकूर आता ब्राउझर स्वतः मांडतो, आणि मुलुंडहून लोकलने महाविद्यालय गाठणाऱ्या विद्यार्थ्याला तोच प्रयोग फोनवर उघडता येतो.

पवईच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचा अनुभव येथे अधिक बोलका आहे. मराठीसह अनेक भारतीय भाषांत असलेले त्याचे पाठ ऑग थिओरा या खुल्या प्रारूपात दिले जात असत. पुढे क्रोम व फायरफॉक्स यांनी थिओराचा आधार काढून घेतला, म्हणजे खुले प्रारूपही कालबाह्य होतेच. परंतु ते उलगडण्याची रीत सार्वजनिक असल्याने अशी फाइल कोणालाही नव्या प्रारूपात बदलून घेता येते. फ्लॅशचा शेवट निराळा झाला: ३१ डिसेंबर २०२० रोजी आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून अडोबीच्या प्लेअरने स्वतःच फ्लॅशचा मजकूर चालवणे बंद केले.

रफल या मुक्त प्रोग्रॅममुळे जुन्या फाइलींपैकी बऱ्याच आज पुन्हा हलू लागतात, पण फ्लॅशच्या उत्तरकालीन भाषेत लिहिलेल्या गुंतागुंतीच्या फाइली त्याला पूर्णपणे झेपतातच असे नाही. त्या जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहाव्या लागतात. आणि जिथे मूळ संपादनयोग्य फाइल जपली गेलेली नाही, तिथे पडद्यावरील हालचाल पाहून तिच्यामागचे गणित पुन्हा मांडावे लागते, जे विषय जाणणारा शिक्षक सोबत असल्याशिवाय होत नाही.