कोडे घरात सुटते

(गणेशोत्सवातील कौटुंबिक संमेलनात केलेल्या भाषणाचा सारांश)



यंदा आमच्या स्पर्धा समितीने मुलांसाठी मराठी शब्दकोडे ठेवले होते. त्यातल्या तीन शोधसूत्रांविषयी चार शब्द सांगतो.

शब्दकोड्याचा हा खेळ तसा बाहेरचा. आर्थर विन यांचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आले. पुढे इंग्लंडात त्याला गूढ वळण मिळाले. वाक्य सांगते एक आणि उत्तर निघते भलतेच. पण शब्दांची अशी करामत आपल्याला नवी नाही. मोरोपंतांनी ‘निरोष्ठ रामायण’ रचले. त्यात प, फ, ब, भ, म ही ओठ मिटणारी अक्षरे वर्ज्य. म्हणजे रामायण सांगायचे आणि ‘राम’ म्हणायचे नाही!

आमचे पहिले सूत्र होते, ‘राधा उलटली की सरी’ (दोन अक्षरे). मराठी कोड्यात एका चौकोनात काना-मात्रेसकट अख्खे अक्षर बसते. ‘राधा’ उलटी वाचा, ‘धारा’ मिळते. मुलांनी मिनिटात सोडवले. दुसरे, ‘किंवा पुरुष, सेतू बांधणारा’ (तीन अक्षरे). ‘वा’ आणि ‘नर’ मिळून वानर. ‘वा’ म्हणजे किंवा, एवढे सांगावे लागले.

तिसरे, ‘न तुटणारा, नदीनेही न बुडवलेला’ (तीन अक्षरे). इथे सगळे अडले. दर आषाढीला आपल्याच मंडळात अभंग गाणारी मुले, तीही! शेवटी मागच्या रांगेतल्या एका आजींनी तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि त्या कोरड्या वर आल्या, ती कथा सांगितली. कथा संपायच्या आत पेन्सिली चालू लागल्या.

आम्ही समितीत बसून मुलांचे मराठी कच्चे, असे म्हणत होतो. खरे तर शब्द त्यांना येत होता. त्यामागची गोष्ट आम्हीच सांगितली नव्हती. आमच्या आईवडिलांनी ती जेवताना सांगितली. आम्ही जेवताना टीव्ही लावला.

म्हणून पुढच्या वर्षी कोडे घरी न्यायचे, असे ठरवले आहे. आजी-आजोबांना विनंती एकच, उत्तर सांगू नका. गोष्ट तेवढी सांगा.

गणपती बाप्पा मोरया!