बाहेरचा घास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुंबईतील उपाहारगृहे आणि बेकऱ्या या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. एकीपेक्षा एक सुगरणी समोर बसल्या असताना मी हॉटेलांचे गुण गायचे म्हणजे जरा धाडसच! पण गेल्या वर्षी आम्ही पाचजणींनी जो उद्योग केला तो तुमच्या कानांवर आलाच आहे, तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही.

उद्योग असा. महिन्यातून एक शनिवार बाहेर जायचे आणि नावाजलेल्या एखाद्या ठिकाणी बसून खायचे. ज्याचा त्याचा खर्च ज्याने त्याने करायचा. आणखी एक नियम होता. "यापेक्षा मी घरी चांगले करते" असे जी म्हणेल, तिने सगळ्यांना चहा पाजायचा. पहिल्याच दिवशी तीन वेळा चहा झाला, आणि तीनही वेळा पैसे माझेच गेले!

आरंभ आम्ही धोबीतलावच्या कयानीपासून केला. मेट्रो सिनेमासमोरचे हे इराण्याचे दुकान 1904 सालचे. ब्रून पाव आम्ही तेथे चहात बुडवून खाल्ला. वरून टणक, आतून मऊ. फणसासारखाच म्हणा ना! इराण्यांची दुकाने रस्त्यांच्या कोपऱ्यांवर इतकी का, तर कोपऱ्याची जागा अपशकुनी म्हणून आपले व्यापारी ती घेत नसत, असे जुने लोक सांगतात. आपल्या अपशकुनातून दुसऱ्यांचा संसार उभा राहिला आणि मुंबईला चहापावाची सोय झाली.

पावाची गोष्टही अशीच. तो पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला आणि नावही त्यांच्याच भाषेतले घेऊन आला. पाव खाल्ला म्हणजे धर्म बुडाला, असे मानणारी घरे आपल्याकडे होती. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कहाण्या माझ्या आजीने मला सांगितल्या आहेत. आणि त्याच पावात बटाटेवडा घालून 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडापाव विकायला सुरुवात केली, असे मानतात. आजीची नातवंडे आता त्यावरच वाढत आहेत!

दादरला गेलो तेव्हा मामा काण्यांकडेही गेलो. 1910 पासूनचे हे मराठी उपाहारगृह. तेथला बटाटावडा खाताना आमच्यातली एकही बाई नियम मोडण्याचे शब्द बोलली नाही. यातच काय ते समजा.

पण मला मुख्यतः सांगायचे आहे ते माटुंग्याचे. स्टेशनाजवळ रामा नायकांचे 1942 सालचे उडुपी भोजनगृह आहे. तेथे केळीच्या पानावर जेवण मिळते. आमच्याबरोबर आपल्या मंडळातल्या एक काकू होत्या. वय एकाहत्तर. नाव सांगणार नाही, त्या येथेच बसल्या आहेत आणि मला पुढे घरी जायचे आहे! पान मांडले, वाढपी गरम भात घेऊन आला, तर काकू म्हणाल्या, "आधी त्यांना वाढा, मी मागून बसते." आम्ही हसलो. वाढपी मात्र हसला नाही. तो म्हणाला, "आजी, इथे सगळे एकदमच बसतात." भातावर सांबार पडले, रसम आले, आणि काकू पहिला घास घेऊन थांबल्या. म्हणाल्या, "अगं, भात चांगलाच गरम असतो की!"

भगिनींनो, त्यानंतर आम्ही कोणी हसलो नाही. पन्नास वर्षे जिने घराला गरम वाढले, तिच्या वाट्याला भात येईपर्यंत तो निवलेलाच असे. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. कोणाच्या लक्षातच आले नव्हते, आणि तिच्याही नाही.

सगळीकडचा अनुभव असा गोड नव्हता. एका मोठ्या हॉटेलात आम्ही पाचजणी बसलो, तर वेटर पाणीच आणीना. विचारले तेव्हा म्हणाला, "साहेब यायचे असतील ना?" साहेब यायचे नव्हते. नोकरी करणाऱ्या, कमावणाऱ्या पाच बायका आपल्या पैशाने जेवायला आल्या होत्या, हे त्याच्या डोक्यात शिरायला पंधरा मिनिटे लागली.

आणखी एक विचार. बेकऱ्यांच्या लाकडी भट्ट्यांचा धूर हवा बिघडवतो, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये त्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तशाच स्वच्छ इंधनावर येण्यास सांगितले. पावाची चव जाईल, खर्च परवडणार नाही, अशी ओरड झाली. चव मलाही हवी आहे. पण ज्यांनी चुलीपुढे डोळे चोळत फुंकणी फुंकली, त्यांनी तरी धुराची बाजू घेऊ नये. मात्र लहान बेकरीवाल्याला भट्टी बदलायला मदत मिळाली पाहिजे. घरात शेगडी आली तेव्हा तिचेही पैसे कोणीतरी भरलेच होते.

शेवटी एक सूचना मांडते. या फेऱ्यांत भट्टीवर आणि गल्ल्यावर आम्हांला बहुतेक पुरुषच दिसले. बायकांनी हे काम केले नाही असे नव्हे. गिरणगावातल्या कितीतरी बायकांनी कामगारांच्या खानावळी चालवल्या. सावकाराच्या व्याजातून त्या सुटाव्यात म्हणून प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. घरी फुकट होणारे काम तेथे व्यवसाय म्हणून हिशेबाच्या वहीत चढले.

आपल्या वर्धापनदिनाचा फराळ दरवर्षी आपणच पहाटे उठून करतो, आणि भाषणे चालू असताना निम्म्या जणी आत कढईपाशी असतात. आताही आहेत. माझे म्हणणे इतकेच, की पुढच्या वर्षीचा फराळ पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एखाद्या बाईकडून मागवावा, घासाघीस न करता पुरे पैसे द्यावेत, आणि आपण सगळ्याजणी एका पंगतीला बसावे. पहिले पान काकूंचे.

हे पटले तर टाळ्या नकोत, येत्या सभेत हात वर करा.