बॅटरीच्या स्कूटरचे चार्जिंग : ४८ व्होल्टचा घोळ आणि घ्यावयाची काळजी

(आणे येथील शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा अधिव्याख्याता. आपण कांद्यावर किंवा बाजरीवर बोलण्याची अपेक्षा केली असेल, पण आज विषय बॅटरीचा आहे. पठारावरून आळेफाट्याला जायचे म्हणजे घाट उतरायचा आणि परत चढायचा. जुन्या स्कूटरला मोटर व लिथियमची बॅटरी बसवली की पेट्रोल वाचते, हा हिशेब कोणालाही पटेल. मात्र कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीसाठी डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत अधिक कडक चाचण्या लागू झाल्या. गॅरेजमध्ये बांधलेल्या बॅटरीची अशी एकही चाचणी झालेली नसते. तिची राखण आपल्यालाच करावी लागते.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत ई-स्कूटरची बॅटरी काढून रात्री घरात चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला आणि त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. म्हणून बॅटरी माणसे झोपतात त्या खोलीत आणि सगळे झोपलेले असताना चार्ज करू नये.

आता मुख्य मुद्दा. बाजारात '४८ व्होल्ट' या एकाच नावाने तीन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली, १२ व्होल्टच्या चार ॲसिडच्या बॅटऱ्या. त्यांचा चार्जर सुमारे ५७.६ व्होल्टपर्यंत दाब देतो. दुसरी, लिथियम-फॉस्फेटचे १६ सेल एकापुढे एक जोडलेली, ती ५८.४ व्होल्टला पूर्ण भरते. तिसरी, निकेल-मँगेनीज-कोबाल्ट प्रकारचे १३ सेल जोडलेली. ही ५४.६ व्होल्टला भरते, कारण तिच्या प्रत्येक सेलची कमाल मर्यादा ४.२ व्होल्ट आहे. घरात पूर्वीच्या ॲसिडच्या बॅटरीचा चार्जर पडलेला असतो. "तोही ४८ चाच आहे" म्हणून तो या तिसऱ्या बॅटरीला लावला, तर प्रत्येक सेलवर ४.४ व्होल्टच्या वर दाब जातो. सेल आतून तापतो, फुगतो आणि शेवटी पेटतो. तणनाशकाची आणि कीटकनाशकाची बाटली सारखी दिसली तरी आपण लेबल वाचल्याशिवाय पंपात ओतत नाही. तीच शिस्त येथे पाळावी.

यावर उपाय स्वस्त आहे. बॅटरी बांधणाऱ्याकडून सेलचा प्रकार व संख्या लिहून घ्यावी. पूर्ण भरल्यावरचा आकडा बॅटरीवर आणि चार्जरवर ऑइलपेंटने लिहावा. नवा चार्जर बॅटरीला लावण्यापूर्वी त्याचा दाब मल्टिमीटरने मोजून घ्यावा. प्रत्येक प्रकाराला वेगळ्या आकाराची पिन बसवली, तर घरातल्या पोरांकडूनही चूक होणार नाही. सौरपंपाच्या पॅनेलची वायर सरळ बॅटरीला जोडण्याचा विचारही करू नये. तेथील दाब कितीतरी जास्त असतो.

बॅटरीच्या आत बीएमएस नावाचे सर्किट असते. दाब किंवा प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ते जोडणी तोडते. "गाडी चढावर बंद पडते" म्हणून काही कारागीर या सर्किटला वळसा घालून वायर सरळ जोडून देतात. मोटरपंपाच्या स्टार्टरचा रिले सारखा पडतो म्हणून त्यात काडी खोचणारे आपल्यातही आहेत, आणि मग मोटर जळते. येथे मोटरीवर भागत नाही. गाडी घाटात वारंवार बंद पडत असेल तर ओझे कमी करावे किंवा मोठी बॅटरी बांधून घ्यावी.

घाट चढून आल्यावर बॅटरी तापलेली असते. ती लगेच चार्जिंगला लावू नये. हाताला गार लागेपर्यंत, साधारण तासभर, सावलीत राहू द्यावी. ४५ अंशांच्या वर तापलेली लिथियम बॅटरी चार्ज करणे घातक आहे, आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये तेवढे तापमान सहज होते. सकाळची किंवा संध्याकाळची वेळ धरावी. जागा मोकळी, फरशीची किंवा मातीची असावी. कडब्याची गंज, बारदान, डिझेलचा डबा आणि कांदाचाळ यांपासून दूर असावी. जिन्याखाली किंवा दाराच्या वाटेवर तर मुळीच नको. आग लागली तर बाहेर कसे पडणार? बोर्डाला अर्थिंग असावे. पंपाच्या पेटीतून आकडा टाकून चार्जिंग करू नये.

गाडी महिनाभर लागणार नसेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवावी. पूर्ण भरलेली बॅटरी पडून राहिली तर लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण रिकामी ठेवली तर ती कायमची निकामी होऊ शकते. अशी खोल उतरलेली बॅटरी जबरदस्तीने 'उठवून' घेऊ नये. पावसाळ्यात गाडी धुताना बॅटरीवर पाण्याचा फवारा मारू नये.

बॅटरी नव्याने बांधून घेणार असाल, तर वजन थोडे जास्त असले तरी लिथियम-फॉस्फेट घ्यावी, असे माझे मत आहे. उष्णता ती अधिक सोसते. जुन्या लॅपटॉपचे निवडक सेल नव्या सेलमध्ये मिसळू देऊ नयेत. पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनेच जोडाव्यात. सेलवर डाग देताना आतला पडदा खराब होऊ शकतो. कायद्याचेही पाहावे. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची व २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची गाडी वगळता इतरांना नोंदणी लागते, आणि पेट्रोलच्या गाडीत बदल करायचा तर मंजूर किट आणि आरटीओची परवानगी हवी.

बॅटरी फुगली, गोडसर उग्र वास आला किंवा स्पर्शाला सेलचा एक भाग बाकीच्यांपेक्षा गरम लागला, तर वापर तेथेच थांबवावा आणि बॅटरी मोकळ्या जागी ठेवावी. धूर निघू लागल्यावर मात्र तिला हात लावू नये. माणसे आणि जनावरे दूर न्यावीत, कारण तो धूर विषारी असतो. शक्य असल्यास मेन स्विच बंद करावा आणि ११२ वर फोन करावा. वीज बंद झाल्याची खात्री झाल्यावर लांबून भरपूर पाणी मारावे. माती टाकून ज्वाळा झाकल्या जातात, आतली उष्णता जात नाही. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. ती दुसऱ्या दिवसापर्यंत उघड्यावरच राहू द्यावी, घरात आणू नये.