हळदीचा खटला आणि हकीमसाहेबांची किताब

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मघाशी जेवताना एक मुलगा मला म्हणाला, "सर, आज विज्ञान जे सांगतंय ते आपल्या लोकांनी हजार वर्षांपूर्वीच शोधून ठेवलंय." त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीने लगेच विचारलं, "मग आज आपण का नाही काही शोधत?" तो गप्प झाला. खरं सांगतो, मीही गप्प झालो. आज मी पेटंटवर बोलायला आलोय, पण मनात तिचाच प्रश्न आहे.

सुरुवात हळदीपासून करू. लहानपणी गुडघा फुटला की अम्मी हळदीची चिमूट जखमेवर दाबायची. तुमच्याही घरी हेच झालं असेल, मग घर मोहल्ल्यातलं असो की वाड्यातलं. मार्च 1995 मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने याच गोष्टीवर पेटंट दिलं. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर, असा त्याचा विषय होता. ते मिळालं मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला. गंमत म्हणजे शोधकर्ते म्हणून ज्या दोघांची नावं होती, ते दोघेही भारतीय वंशाचे.

पेटंट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. तुम्ही काही नवं शोधलंत, ते उपयोगी आहे आणि त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखं नाही, तर सरकार ठरावीक काळ त्याचा हक्क फक्त तुम्हाला देतं. आपल्याकडे हा काळ अर्ज केल्यापासून 20 वर्षांचा आहे. त्याच्या बदल्यात तुम्ही तो शोध पूर्णपणे लिहून जगासमोर ठेवायचा. मुदत संपली की तो सगळ्यांचा. म्हणजे 'नवं' हा शब्द यात महत्त्वाचा. हळदीत नवं काय होतं?

भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, 1996 मध्ये या पेटंटला आव्हान दिलं. तेव्हा परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचा हा मुलगा, मुंबईत अनवाणी शाळेत जात शिकलेला. त्याआधी ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते.

आता इथे नीट लक्ष द्या. "आमच्या आज्या, पणज्या हेच करत आल्यात," हे सांगून ते पेटंट रद्द झालं नसतं. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशात लोक तोंडी काय जाणतात, घरात काय वापरतात, याला पुरावा म्हणून किंमत नव्हती. छापलेलं दाखवा, असं कायदा म्हणायचा. मग शोधाशोध झाली. एकूण 32 संदर्भ सादर झाले. त्यात संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 1953 साली आलेला एक लेखही होता. 1997 मध्ये पेटंट कार्यालयाने मान्य केलं की यात नवं काही नाही, आणि सगळे दावे फेटाळले.

त्या पुराव्यांत उर्दू होती, हे विसरू नका. उर्दू म्हणजे फक्त शायरी आणि मुशायरा, असं समजणाऱ्यांना हे सांगा. आणि उर्दू शिकून काय मिळणार, असं विचारणाऱ्या आपल्या घरातल्यांनाही सांगा.

या खटल्यातून एक शहाणपण आलं. दर वेळी लढत बसण्यापेक्षा आपलं पारंपरिक ज्ञान तपासनिसांना वाचता येईल अशा भाषेत का ठेवू नये? 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचं काम सुरू झालं. आयुर्वेदाचे संस्कृत ग्रंथ, सिद्धाचे तमिळ ग्रंथ आणि युनानीचे अरबी, फारसी, उर्दू ग्रंथ उघडून त्यातले नुस्खे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानीत आणले गेले. 2009 पासून युरोपचं पेटंट कार्यालय अर्ज तपासताना हे ग्रंथालय पाहू शकतं. कुठल्या तरी हकीमसाहेबांनी फारसीत लिहून ठेवलेला नुस्खा आज या देशाच्या बाजूने साक्ष देतोय. वैद्यांची पोथी आणि हकिमांची किताब एकाच कपाटात आहेत. त्यांना वेगळं करायला निघालेल्यांना हे कपाट दाखवावं.

इथे टाळ्या वाजवून थांबायला हरकत नव्हती. पण त्या मुलीचा प्रश्न अजून तसाच आहे. ग्रंथालयाने काय साधलं? दुसऱ्याला पेटंट मिळू दिलं नाही. त्याने आपल्याला नवं औषध मिळालं नाही. आपल्याही पेटंट कायद्यात पारंपरिक ज्ञान हा शोध मानला जात नाही. आजोबांच्या किताबीवर नातवाला पेटंट मिळत नाही. त्यासाठी नातवाला स्वतः काहीतरी करावं लागतं.

असं करणारा एक माणूस सांगतो. सलीमुझ्झमान सिद्दीकी. अलीगढला फारसी आणि तत्त्वज्ञान शिकले, मग रसायनशास्त्राकडे वळले आणि 1927 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टहून डॉक्टरेट घेतली. त्यांना परत बोलावण्यामागे हकीम अजमल खान होते. अजमल खान युनानीचे नामांकित हकीम, काँग्रेसचे अध्यक्ष राहिलेले, दिल्लीत आयुर्वेद आणि युनानी एकत्र शिकवणारं तिब्बिया कॉलेज उभं करणारे. जुन्या औषधांची नव्या विज्ञानाने परीक्षा व्हावी, ही त्यांची इच्छा. हकिमाला आपलं औषध प्रयोगशाळेत तपासून घ्यायची भीती वाटली नाही, हे मला फार मोठं वाटतं.

सिद्दीकींनी हाती घेतली असरोल, म्हणजे आपली सर्पगंधा. तिच्या मुळांतून 1931 मध्ये त्यांनी शुद्ध अल्कलॉइड वेगळे केले आणि एकाला नाव दिलं अजमलीन. हृदयाच्या ठोक्यांच्या विकारात अजमलीन आजही डॉक्टरांना माहीत आहे. पुढे सिद्दीकी सीएसआयआरमध्ये आले, कडुनिंबावर काम केलं. 1951 मध्ये ते पाकिस्तानात गेले आणि तिथली संशोधन परिषद उभारली.

सर्पगंधेची गोष्ट पुढेही आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा परिणाम नोंदवला आणि 1949 मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगावरच्या नियतकालिकात छापला. जगाचं लक्ष गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी त्याच मुळातून रिसर्पीन वेगळं केलं, आणि कंपनीने त्याचं औषध जगभर विकलं. मूळ आपलं, अनुभव आपला, रुग्णांवरचा अभ्यासही मुंबईचा. पण शेवटचं पाऊल बाझेलमध्ये पडलं. यात चोरी म्हणण्यासारखं काही नाही. त्यांच्याकडे तशी प्रयोगशाळा होती, पैसा होता, आणि काम शेवटाला नेणारी माणसं होती.

म्हणून त्या मुलीला माझं उत्तर असं. आपण कमी शोधतो, कारण प्रयोगशाळेपर्यंत आपली मुलं कमी पोहोचतात. त्याची कारणं आहेत: गरिबी, अर्ध्यावर सुटलेली शाळा, दहावीनंतर मुलीच्या लग्नाची घाई, कुठे कुठे दारावरच होणारा भेदभाव. त्यांच्याशी लढायचंच आहे, आणि आपली चळवळ ते करतेच आहे. पण "सगळं आधीच शोधलं गेलंय" ही समजूत आपणच मुलांच्या हातात देतो. ज्याला सगळं सापडलंय असं वाटतं, तो शोधायला बसेल कशाला?

दोन कामं सांगतो. विज्ञानाला असाल तर प्रयोगाची वही नीट ठेवा: तारीख, काय केलं, काय फसलं. आणि काही नवं हाती लागलं तर ते सगळीकडे सांगण्याआधी प्राध्यापकांना विचारा की पेटंटचा अर्ज करायचा का. आधी जाहीर केलं तर 'नवं' राहत नाही. शैक्षणिक संस्थांना 2021 पासून पेटंटच्या शुल्कात 80 टक्के सवलत आहे, हे त्यांना माहीत नसेल तर तुम्ही सांगा.

विज्ञानाला नसाल तरी एक काम आहे. नानीकडे, दादीकडे बसा, तिला काय काय ठाऊक आहे ते लिहून घ्या. लगेच खरं मानू नका, लगेच खोटंही म्हणू नका. लिहा, आणि तपासायला द्या. हकीम अजमल खानांनी तेच केलं होतं.

त्या मुलीला जाता जाता मी विचारलं, पुढे काय करणार? म्हणाली, "बीएस्सी, केमिस्ट्री. पण अब्बू म्हणतात, बारावी पुरे." तिचे अब्बू आज इथे नाहीत. पण तुमच्यापैकी कुणाची तरी बहीण अशीच घरी बसलेली असेल. आज संध्याकाळी घरी गेलात की आधी तिच्याबद्दल बोला.