यकृताच्या कर्करोगाचा सूक्ष्म साक्षीदार

डिचोली तालुक्यातील कारापूर असो की वाळवंटी नदीच्या परिसरातले दुसरे एखादे गाव असो, कुणाचे डोळे पिवळे दिसू लागले की शेजारीपाजारी निदान करून टाकतात, ‘कावीळ झाली.’ मग झाडपाल्याचे औषध सुरू होते, तेलतूप बंद होते आणि काही आठवड्यांत पिवळेपणा ओसरला म्हणजे दुखणे गेले असे समजण्यात येते. पुष्कळदा ते खरोखरीच गेलेले असते. परंतु काहींच्या बाबतीत डोळे निवळतात आणि रोग मात्र यकृतात ठाण मांडून बसतो. ‘बी’ व ‘सी’ या प्रकारच्या काविळीचे विषाणू वर्षानुवर्षे, कित्येकदा पिवळेपणाची खूणही न दाखविता, शरीरात मुक्काम करतात. यकृत हळूहळू निबर होत जाते आणि पुढे त्यात कर्करोग उद्भवण्याचा धोका असतो. दीर्घकाळचे मद्यपान आणि यकृतात साठणारी चरबी यांची वाटही तिकडेच जाते.

यकृत हे मोठे सोशिक इंद्रिय आहे. बराचसा भाग बिघडला तरी ते काम रेटीत राहते. त्यामुळे वजन उतरून, पोट फुगून रोगी दवाखान्याची पायरी चढतो, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. गाठ लहान असताना सापडली, तर ती कापून काढणे, उष्णतेने जाळणे किंवा यकृताचे रोपण करणे हे उपाय करता येतात. म्हणून या रोगात वेळेवर निदान होण्याला फार मोल आहे.

आज डॉक्टर सोनोग्राफीचा आणि रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन या प्रथिनाच्या तपासणीचा आधार घेतात. परंतु गाठ लहान असताना हे प्रथिन पुष्कळदा वाढलेलेच नसते. याहून चाणाक्ष साक्षीदाराचा शोध घेताना शास्त्रज्ञांची दृष्टी मायक्रो-आरएनए या रेणूंकडे वळली.

पेशी ही गावची कचेरी आहे असे समजावे. डीएनए हे तिचे मूळ दप्तर. ते कपाटाबाहेर जात नाही. हव्या त्या नोंदीची नक्कल तेवढी बाहेर पाठविली जाते आणि ती वाचून प्रथिन तयार होते. मायक्रो-आरएनए ही सुमारे २२ अक्षरांची चिमुकली पट्टी होय. जुळणाऱ्या नकलेला चिकटून ती तिची अंमलबजावणी रोखते. व्हिक्टर ॲम्ब्रोस व गॅरी रुव्कुन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९३ साली एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत ही यंत्रणा उजेडात आणली. हा त्या कृमीपुरताच चमत्कार असावा, असे तेव्हा अनेकांना वाटले. पुढे २००० साली सापडलेला असा दुसरा रेणू माणसातही आढळला आणि २०२४ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यकृतातील मायक्रो-आरएनएंपैकी सुमारे ७० टक्के वाटा एकट्या ‘१२२’ क्रमांकाच्या रेणूचा असतो. यकृताच्या कर्करोगात तो बहुधा घटतो, तर ‘२१’ क्रमांकाचा वाढतो. ज्या उंदरांत १२२ निर्माणच होऊ दिला नाही, त्यांच्या यकृतात चरबी साठून पुढे गाठी झाल्या, असे २०१२ साली दिसून आले. गंमत अशी की, यकृताचा हाच रखवालदार सी विषाणूच्या वाढीला मदत करतो, हे २००५ साली कळून चुकले होते.

हे रेणू रक्तातही टिकून राहतात, म्हणून निदानाला उपयोगी पडतात. तथापि यकृताला कोणतीही इजा झाली तरी रक्तातील १२२ वाढतो. एकट्याच्या साक्षीवर कर्करोगाचा निवाडा करता येत नाही. यास्तव शांघायच्या संशोधकांनी ९३४ व्यक्तींचे रक्त तपासून सात मायक्रो-आरएनएंचा संच निवडला व २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशा चाचण्या आशादायक असल्या, तरी आपल्याकडे त्या अजून नित्याच्या तपासणीत आलेल्या नाहीत.

उपचाराची वाट याहून बिकट ठरली. कर्करोगात घटणाऱ्या ‘३४’ क्रमांकाच्या मायक्रो-आरएनएची भरपाई करणारे औषध २०१३ पासून रुग्णांवर अजमावण्यात आले. काहींच्या गाठी आक्रसल्याही. परंतु शरीराच्या प्रतिकारशक्तीची इतकी गंभीर प्रतिक्रिया उमटली की, २०१६ साली तो प्रयोग थांबवावा लागला. औषध यकृतापर्यंत पोहोचवावे आणि इतरत्र अपाय होऊ नये, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. तेव्हा या नावाने कुणी हमखास गुण देणारे औषध विकू लागल्यास त्यापासून दूर राहावे.

विज्ञान आपल्या गतीने पुढे जाईल. परंतु जे हाती आहे ते थोडे नाही. नवजात बालकास २४ तासांच्या आत बी काविळीची लस टोचल्यास या कर्करोगाचे एक प्रमुख कारणच टळते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी व सी काविळीची तपासणी आणि उपचार विनामूल्य ठेवण्यात आले आहेत. सी प्रकार तर बहुतेक रुग्णांत काही महिन्यांच्या गोळ्यांनी समूळ बरा होतो. ज्यांचे यकृत निबर झाले आहे, त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करवून घ्यावी आणि मद्य कायमचे सोडावे. घरात कुणाला कावीळ होऊन गेली असेल, तर डोळे निवळले एवढ्यावर समाधान न मानता एकदा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन ती कोणत्या प्रकारची होती, याची चौकशी करावी.